शकूराबीचा दगड

माझ्या डाव्या मनगटात डायनासोर आहे. ही थट्टा नाही. थट्टा मला जमत नाही आणि आता शिकायचं वयही राहिलं नाही. त्या मनगटावर तीनदा लेप बसला आणि तिन्ही वेळा मी तो बोटभर चाटला. माझ्या नवऱ्यानं कंबरेसाठी पंधरा वर्षं चाटला. ते माळकरी. आमच्या घरात कांदा-लसूण येत नसे. उकिरड्यावर अंड्याचं टरफल दिसलं तरी ते दुसऱ्या रस्त्यानं जायचे. ते गेल्यावर हे सगळं उघडकीला आलं, एवढं बरं झालं. असते तर ऐकूनच गेले असते.

हे सगळं शकूराबीमुळे. ती गेल्या हिवाळ्यात गेली.

हिवरखेडला तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. पन्नास वर्षं आम्ही त्या भिंतीच्या दोन बाजूंना राहिलो. मी शेवयांची मशीन चालवायची, ती मोडलेली हाडं बसवायची. माझी शाळा चौथीला सुटली. डायनासोर म्हणजे नातवाच्या दप्तरावरचं हिरवं चित्र, एवढंच मला ठाऊक. ते जनावर शेजारच्या ओट्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेलं आहे असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजलं असतं.

दिसायला शकूराबी म्हणजे काडी. उंच, कोरडी, नाकात बारीक चमकी. उजव्या हाताचा अंगठा मात्र चमच्यासारखा पसरट. तोंडात सतत फुटाणे. समोरचा माणूस गुरासारखा ओरडत असला तरी तिचे फुटाणे थांबत नसत. खुर्चीवर कधी बसली नाही. निंबाखालच्या ओट्यावर पोतं टाकून बसायची आणि मोडकी माणसं तिच्यासमोर रांगेनं बसायची.

माणसांची नावं तिच्या डोक्यात राहत नसत, हाडं राहत. लग्नाच्या मांडवात माझ्या कानाशी लागायची, "ते पाह्य, माही टाच आली. तिच्या मांगून कोपर येऊन राहिलं. अन् तो लाल फेट्यावाला खुबा, त्याले म्हनलं व्हतं नाचू नोको, तं नाचून राहिला." मीसुद्धा तिच्यासाठी मनगटच होते. सकाळी भिंतीपलीकडून हाक यायची, "काहून वं मनगट, आज मशीनचा आवाज नाई?"

दुखतं कुठे, हे ती विचारत नसे. "पडला कसा?" हा तिचा पहिला प्रश्न. "खरं सांग. खोटं सांगशीन तं हाड बी खोटं बसते." बैलानं ढकललं म्हणणारे तिच्यासमोर दोन मिनिटांत दारू कबूल करायचे.

एकदा पोलीस ठाण्याचे हवालदार खांदा निखळून आले. पोराटोरांची गर्दी जमली. शकूराबीनं त्यांचा हात धरला, फुटाणा चावला आणि विचारलं, "हवालदार, बायकोचं नाव काय तुमच्या?"

हवालदार ओशाळले. "ते कायले पायजे तुमाले?"

"घ्या ना. चोराले नाव इचारता, आता सोता लाजता?"

"म... मंदा..."

'दा' पुरा व्हायच्या आत खांदा खट्‌कन बसला. हवालदारांच्या तोंडून बायकोच्या नावाची जी किंकाळी निघाली, ती बसस्टँडवर ऐकू गेली. पुढे त्यांची बदली होईपर्यंत पोरं लांबून "मंदाऽऽ" करून पळायची.

मोडून बसलेलं जुनं हाड तिला अंगठ्यानं कळायचं. माझ्या पुतणीला पाहायला अकोटहून पाहुणे आले होते. मुलगा शांत, नाकी-डोळी नीटस, आम्ही सगळे खूश. शकूराबी पाणी द्यायला आत आली, ग्लास देता देता तिनं मुलाचा हात धरला आणि सोडलाच नाही. अंगठा मनगटावरून कोपराकडे गेला, मग गळ्याजवळच्या हाडावर. मुलगा घामानं भिजला.

"एका सालात दोनदा पडला हाय हा," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "दोन्ही बार गाडीवरून. अन् दोन्ही बार अंगाले ढील देऊन पडला. शुद्धीतला मानूस अंग आखडून पडते."

पोहे तसेच राहिले. लग्न झालं नाही. मुलाची आई जाताना तिला काय काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. पुतणी आता सुखात आहे.

तिचे नियम दोनच. रक्त दिसलं किंवा हाड बाहेर आलं तर ती हात लावत नसे. "हे माह्या हातचं नाई. अकोल्याले न्या, मोठ्या दवाखान्यात. उठा, बसून काहून राहिले?" दुसरा नियम, जुडलेल्या जागेला चोळायचं नाही. जुडल्यावर हाडावर एक गाठ येते. लोकांना वाटतं ती चोळून जिरवावी. शकूराबी अशा माणसाच्या हातावर चापट मारायची. "ते गाठ हाडानं सोता बांधली हाय. तुह्या बापानं बांधली का? सोड तिले."

आणि मग तो दगड.

दगड तिला तिच्या बापाकडून आला. तिचा बाप मोर्शीकडच्या डोंगरात चुन्याच्या भट्टीवर कामाला होता आणि हाडंही बसवायचा. भट्टीत घालायच्या दगडांत त्याला हा हातभर लांब, लाटण्यापेक्षा जाड, किंचित वाकलेला दगड दिसला. तो म्हणाला, हे हाड आहे. भट्टीवरचे सगळे हसले. त्यानं तो गोणपाटात बांधून घरी आणला, सहाणेवर पाण्यात घासला आणि लेप केला. एक बोट लावायचं, एक बोट चाटायचं. मरताना लेकीला म्हणाला, "हाड हाडाले ओयखते. हे संभाल."

तिनं सांभाळला. म्हणजे पन्नास वर्षं रोज घासला. मी सासरी आले तेव्हा तो हातभर होता. अखेरीला वीतभर आणि वर चार बोटं उरला होता. एका जागी त्याला सुपारीएवढा फुगवटा होता. तिथे तिचा अंगठा बरोबर बसायचा. त्या बाजूनं ती कधी घासत नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पकडाले जागा पायजे ना." मला ते पटलं. मी पुन्हा विचारलं नाही.

तिला मनापासून वाटायचं की जे आहे ते दगडात आहे. कोणी हाताची तारीफ केली की ती चिडायची. "हात तं तुले बी दोन हायेत. बसवून दाखव." दगड हरवल्याचं स्वप्न तिला पडायचं. अशा सकाळी ती भिंतीवर थाप मारून मला उठवायची आणि म्हणायची, "हाय वं. पायलं मी. जाग्यावर हाय." दगड नसला तर आपण कोण, ही धास्ती तिला जन्मभर होती.

दोन वर्षांपूर्वी अमरावतीच्या एका कॉलेजातल्या मॅडम मुलांना घेऊन आमच्या मागच्या डोंगरात आल्या होत्या. दगडांचा अभ्यास. नाव रोहिणी, वय पस्तिशीचं. नाल्यात पाय घसरला आणि उजवं मनगट निखळलं. मुलांनी त्यांना ऑटोत घालून शकूराबीकडे आणलं. मी भिंतीशी शेवया वाळत घालत होते, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं.

शकूराबीनं सहाणेवर पाणी शिंपडलं, गोणपाट सोडलं, दगड धरला आणि दोन वेळा घासला. मॅडम वेदनेनं पांढऱ्याफटक पडल्या होत्या. एकदम किंचाळल्या, "थांबा! घासू नका! हात लावू नका!"

"तुले तं मी हात बी लावला नाई अजून," शकूराबी म्हणाली.

"मला नाही! त्याला! त्याला हात लावू नका!"

आम्हाला वाटलं, दुखणं डोक्यात गेलं. मॅडमनी डाव्या हातानं आणि दातांनी पिशवीची चेन ओढली, एक भिंग काढलं आणि लोंबता हात मांडीवर टाकून दगडाच्या घासलेल्या टोकावर वाकल्या. मग त्यांनी मलाही पाहायला लावलं. त्या टोकाला मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी होती. पन्नास वर्षं मी त्या दगडाकडे पाहत होते आणि ती जाळी मला कधी दिसली नव्हती.

"हे हाड आहे," मॅडम म्हणाल्या.

"ते तं आमाले मालूम हाय," शकूराबी म्हणाली. "माह्या बापानंच सांगतलं."

"कशाचं, ते माहीत आहे का?"

डायनासोरची फासळी. त्यातही लांब मानेचा, पाला खाणारा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कदाचित त्याहूनही जुना. मोर्शीकडच्या त्या डोंगरात अशी हाडं निघतात, हे मॅडमना ठाऊक होतं. मला साडेसहा कोटी म्हणजे काय ते कळलं नाही, अजूनही कळत नाही. पण मला पहिल्यांदा नवरा आठवला आणि मग स्वतःची जीभ.

शकूराबीनं आधी मॅडमचं मनगट बसवलं. लेप न लावता. तो लावायची हिंमत तिला झाली नाही आणि मॅडमनी लावू दिला नसता. मग तिनं विचारलं, "केवढा व्हता?"

मॅडमनी गल्लीकडे पाहिलं. "तुमच्या ओट्यापासून त्या विजेच्या डीपीपर्यंत. थोडा कमी-जास्त."

शकूराबी उठली आणि चालत डीपीपर्यंत गेली. पावलं मोजली. परत येताना फुटाणे खाणं थांबलं होतं. तिचं तोंड बंद मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

"बाकीचा कुठे आहे?" मॅडमनी विचारलं. "हे जिथे मिळालं तिथे अजून असेल. एकटी फासळी नसते."

"बाकीचे दगड भट्टीत गेले."

"कसल्या भट्टीत?"

"चुन्याच्या. तो चुना गाड्या भरभरून अचलपूरपरेंत जाये, असं अब्बा सांगत. इकडं बी येये. घरं लीपले लोकायनं. पानाले लावला."

मॅडम ओट्यावर खाली बसल्या. त्यांनी मागच्या भिंतीला टेकायला हात नेला आणि लगेच परत ओढून घेतला. ती माझीच भिंत. मला त्या रात्री माझ्याच घरात भिंतीकडे तोंड करून झोपता आलं नाही.

बातमी दुपारपर्यंत गावभर आणि दोन दिवसांत अकोल्यात गेली. अर्ध्या गावानं मिठाच्या पाण्यानं चुळा भरल्या. माळकऱ्यांच्या घरांत डोक्यावरून आंघोळी झाल्या. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत ओट्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शकूरा, तू मले हाड चाटवलं!" ती म्हणाली, "तुमी बरे झाले का नाई?" ते म्हणाले, "झालो." मग ते आले तसे काठी टेकत परत गेले.

दुसरं अर्धं गाव उलट्या बाजूनं वेडं झालं. गाड्या करून माणसं येऊ लागली. कोणाचं काही मोडलेलं नसायचं. त्यांना डायनासोरचा लेप हवा होता. गुडघ्याला, टकलाला, एकाला तर स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या पोरीसाठी. शकूराबी दारातच हात जोडायची. आठ दिवस तिनं दगड गोणपाटातून काढला नाही. आतल्या आत खचली होती. भिंतीपलीकडून मला म्हणाली, "सुमन, ते जनावर मेलं, कोनी माती देली नाई. अन् मी त्याले रोज घिसलं. अर्धं मीच संपवलं." मला तिनं नावानं हाक मारली ती तेवढीच.

मॅडमचा रोज फोन येत होता. दगड कॉलेजात द्या, नीट ठेवू, तुमचं नाव लावू. शकूराबी फोन माझ्या हातात द्यायची. मला म्हणायची, "देऊन टाकला तं मी काय राहिली? रिकामी म्हतारी." मी तिला सरळ सांगितलं, रिकामी तर आपण दोघीही आहोत. तिला राग आला.

मग एक दिवस ती कोणाला तरी पाणी आणायला आत गेली आणि त्या माणसानं गोणपाट उकलून चाकूनं दगड खरवडायला सुरुवात केली. तिला आवाज ऐकू आला. बाहेर येऊन पाहते तर चाकू बरोबर त्या फुगवट्यावर. ती अशी ओरडली की मी शेवयांचं पीठ टाकून धावले. जिवंत माणसाच्या अंगावर चाकू उगारल्यावर ओरडतात तशी. माणूस पळाला. फुगवट्यावर नखाएवढा पांढरा चरा उठला होता. तिनं त्यावर पसरट अंगठा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर थाप पडली. "मनगट, ऊठ. अमरावतीले चाल."

एसटीत तिनं दगड मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वझं खाली ठेवा. काय हाय त्याच्यात?"

"पेशंट हाय," ती म्हणाली.

कंडक्टर हसला. ती हसली नाही.

कॉलेजात मॅडम दारापर्यंत आल्या. त्यांचं मनगट पूर्ण बरं झालं होतं. शकूराबीनं आधी ते दाबून पाहिलं, मग पुढे गेली. आत एक मोठे सर होते, पांढरे केस, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी टेबलावर मऊ कापड अंथरून दगड ठेवला, मोजला, फोटो काढले. मॅडम शकूराबीचं आणि तिच्या बापाचं नाव-गाव लिहून घेत होत्या. सगळं चांगलं चाललं होतं. मला चहा मिळाला.

मग सरांनी त्या फुगवट्यावर बोट ठेवलं. मॅडमना म्हणाले, "हा वर चिकटलेला खडक आहे. तो सुईनं काढून टाकू, म्हणजे खालचं हाड स्वच्छ दिसेल." आणि त्यांनी पेनासारखी टोकदार सुई उचलली.

"थांबा!" शकूराबी ओरडली. "हात लावू नोका त्याले!"

खोलीतली सगळी माणसं जागच्या जागी थांबली. मॅडमनी मान वर केली. त्यांना स्वतःचाच आवाज आठवला असणार, कारण मलाही तोच आठवला.

शकूराबी टेबलापाशी गेली. चप्पल दाराशी सोडली होती, पाय धुळीचे. तिनं डोळे मिटले आणि अंगठा दगडावर ठेवला. माझ्या पुतणीच्या पाहुण्याचा हात तिनं असाच धरला होता. अंगठा टोकाकडून फुगवट्यावर गेला, पलीकडे उतरला, परत आला.

"हे चिकटलेलं नाई," ती म्हणाली. "हे जुडलेलं हाय. ही फासयी मोडली व्हती. जित्तेपनी. पडला असन, नाई तं कोनी मारलं असन. मंग जुडली. जुडल्यावर लय दिवस जगलं हे जनावर, गाठ पक्की हाय." मग डोळे उघडून म्हणाली, "म्हनून मी तिथून कधी घिसलं नाई. जुडल्या जागेले हात लावत नसतात."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?" मॅडमनी विचारलं.

"पयल्या दिवसापासून."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुमी शिकेल लोक. मले वाटलं तुमाले दिसलंच असन."

सरांनी सुई खाली ठेवली. भिंग घेऊन खुर्ची ओढली आणि त्या चाकूच्या चऱ्यावर वाकले. मग चष्मा काढला आणि नुसतेच शकूराबीच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. पुढे त्यांनी तो दगड मोठ्या मशीनमध्ये घातला, फोटोत आत मोडल्याची रेघ सापडली, असं मॅडमनी फोनवर सांगितलं. ते नंतरचं. मला त्या दिवशीच पुरेसं झालं होतं. पकडायला जागा, म्हणाली होती मला. पन्नास वर्षं शेजारी राहून मला तिनं ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

निघताना जिन्यावर ती एकदम थांबली.

"कोनी लेप लावला असन वं त्याले?"

"कोणाला?"

"त्या जनावराले. कोनी नाई. फासयीले तं बांधता बी येत नाई." ती स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहत होती. "आपनच जुडलं."

त्यानंतर ती वर्षभर जगली. लोक येत राहिले आणि ती लेपाशिवाय बसवत राहिली. सकाळी भिंतीवर थाप मारून "जाग्यावर हाय" म्हणणं मात्र बंद झालं.

पण मला ती आठवते ती त्या जिन्यावरची. दोन पायऱ्या उतरली होती, परत वर गेली. खोलीच्या दारातून तिनं आत डोकं घातलं. दगड कापडावर ठेवलेला, फुगवटा खाली, टेबलाला टेकलेला.

"बाई," ती रोहिणी मॅडमना म्हणाली, "त्याले असं नोको झोपवू. गाठीवर वजन येऊन राहिलं."

मॅडमनी दोन्ही हात पुढे केले, ते हाड अलगद उचललं आणि दुसऱ्या कुशीवर ठेवलं.